सलाईनचे थेंब मोजणारं उपकरण: पुण्यातल्या एका डबघाईला आलेल्या कंपनीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं आहे. कंपनीचं, रुग्णालयांचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, रकमा टाळल्या आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे झाले तसेच मांडले आहेत. गुणवत्ता आणि परवान्याच्या कामासाठी मी बाहेरून तिथे जात होतो, त्यामुळे बहुतेक महत्त्वाच्या बैठकांना हजर होतो. वैद्यकीय उपकरण बनवू पाहणाऱ्या इथल्या इंजिनिअरांना याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं. पुण्यात चांगला टूलरूमवाला (साचे बनवणारा), चांगला फर्मवेअरवाला (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणारा) आणि वेळ देणारा डॉक्टर एकाच दिवसात भेटू शकतात. तरीही वॉर्डात रोज वापरली जाणारी इथली उपकरणं मोजकीच आहेत. मधे काय अडतं ते या प्रकरणात बरंचसं दिसतं.

पार्श्वभूमी

आपल्याकडच्या जनरल वॉर्डात सलाईनवर लक्ष ठेवतात ते नातेवाईक. बाटली तळाला आली की आई, बायको किंवा मुलगा काउंटरकडे धावतो: "सिस्टर, सलाईन संपत आलंय!" नातेवाइकाला डुलकी लागली, तो औषधं आणायला खाली गेला किंवा रुग्णाजवळ कुणीच नसलं, की बाटली रिकामी होते. नळीतून हवा शिरून माणूस जाईल ही लोकांची भीती. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नळीत रक्त उलटं चढतं, सुईच्या तोंडाशी गोठतं आणि नवी शीर शोधावी लागते. केमो चालू असलेल्या किंवा थकलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातावर शीर सापडेपर्यंत काय होतं, ते शेजारी बसून पाहिलेल्याला सांगायला नको.

दुसरा भाग वेगाचा. ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, तर २० थेंबांना एक मिली अशा नेहमीच्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब पडायला हवेत. सिस्टर घड्याळाकडे बघत थेंब मोजतात, नळीवरचा रोलर फिरवून वेग बसवतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. रुग्णाने हात दुमडला की तो हिशेब बिघडतो. इन्फ्युजन पंप (ठरलेल्या वेगाने सलाईन सोडणारं यंत्र) हे काम चोख करतो, पण तो महाग असल्याने आयसीयूबाहेर क्वचित दिसतो.

ही फट बुजवायला २०१९मध्ये दोघे भागीदार एकत्र आले. एकाने वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बरीच वर्षं काढलेली, दुसऱ्या भूलतज्ज्ञ डॉक्टर. कल्पना साधी होती. ड्रिप चेंबरला (बाटलीखालची पारदर्शक नळकांडी, जिच्यात थेंब पडताना दिसतात) चिमट्यासारखं बसणारं छोटं उपकरण, त्यात एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर सेन्सर. थेंब पडला की किरण क्षणभर तुटतो, उपकरण तो मोजतं, वेग बदलला किंवा थेंब थांबले की कळवतं. पहिला नमुना तापकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांवर आणि कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर तयार झाला. त्यांना बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' अनुदान मिळालं. या योजनेत १८ महिन्यांच्या कामासाठी ५० लाखांपर्यंत रक्कम मिळते, आणि नमुना सिद्ध करण्यापुरती ती पुरते. साचे, चाचण्या, परवाना आणि पहिली विक्री यांचा खर्च त्याच्या पुढचा असतो.

मग कोविड आला. रुग्णालयांची दारं बंद झाली आणि कंपनीने वर्षभर मिळेल ते काम केलं. २०२१मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला. त्यांच्या मायक्रोकंट्रोलरसाठी (उपकरण चालवणारी मुख्य चिप) वितरक वर्षभरानंतरची तारीख देऊ लागले. दलालाकडून चढ्या भावाने घेतलेल्या एका खोक्यात वरचं छापील नाव खरवडून पुन्हा छापलेल्या चिपा निघाल्या.

अडचण

२०२२च्या सुरुवातीला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा खात्यात जेमतेम पाच महिन्यांचे पगार होते आणि टेबलावर चार अर्धवट गोष्टी. थेंब मोजणारा चिमटा चालत होता. त्याला जोडलेला मोटरचा क्लॅम्प, जो नळी दाबून वेग आपोआप सांभाळणार होता, तो कधी चालायचा, कधी अडकायचा. वायफायवरून माहिती क्लाउडवर जात होती. आणि फोनवर एक देखणं ॲप होतं. ते गुंतवणूकदारांना दाखवायला उपयोगी पडे, आणि त्यांचा आग्रहही तिथेच होता: डॅशबोर्ड हवा, महिन्याचं वर्गणीचं उत्पन्न हवं, माहितीचा साठा हवा.

त्याआधी एका ट्रस्टच्या रुग्णालयात एथिक्स कमिटीच्या मंजुरीने बारा खाटांवर चाचणी लावली होती. नेहमीच्या फेऱ्या चालू ठेवून, जोडीला उपकरण. दोन आठवड्यांनी भागीदार बघायला गेले तर सगळे चिमटे ड्रेसिंगच्या कपाटातल्या खणात होते. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी कारण स्वच्छ सांगितलं.

"दादा, तुमचं ॲप छान आहे. पण माझ्या हातात ग्लोव्ह्ज असतात, फोन कुठून काढू? आणि हे सारखं वाजतं. पेशंट बाथरूमला गेला, वाजलं. हात हलवला, वाजलं. रात्री दोघीच असतो आम्ही. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, बघत बसायचं का?"

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. पैशाची चणचण, चिपा, परवाना हे सगळं खरं होतं, पण मूळ दुखणं खणात पडलेल्या त्या चिमट्यांत होतं. निरोप कुणी ऐकायचा, हे न ठरवताच निरोप पाठवणारं यंत्र बनवलं गेलं होतं.

समोरचे पर्याय

त्या महिन्यात तीन वाटांचा विचार झाला. पहिली, नवा गुंतवणूकदार शोधून मोटर, ॲप, क्लाउड असं सगळं पुरं करायचं. दुसरी, मोटर काढून फक्त मोजणी आणि इशारा ठेवायचा. तिसरी, आराखडा मोठ्या कंपनीला विकून टाकायचा. त्यासाठी दोन ठिकाणी बोलणी झाली आणि दोन्हीकडे "आधी परवाना घ्या, मग या" असं उत्तर मिळालं. चौथी वाट नंतर आपणहून चालत आली, तिच्याबद्दल पुढे.

पहिला निर्णय: मोटर

डॉक्टर भागीदारांना मोटर हवी होती आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नुसता इशारा देऊन सिस्टरांचं काम वाढतं. वेग आपोआप सांभाळला तर कमी होतं. इंजिनिअर भागीदारालाही त्या क्लॅम्पचा अभिमान होता.

आम्ही आयएसओ १४९७१ या वैद्यकीय उपकरणांच्या धोक्यांबद्दलच्या मानकाप्रमाणे धोक्यांचा तक्ता मांडायला बसलो. काय बिघडू शकतं, त्याने रुग्णाला काय होईल, ते किती वेळा घडू शकतं, आणि आपण त्यावर काय करणार, असे रकाने. थेंब मोजणारा चिमटा बंद पडला तर वॉर्ड उपकरण येण्याआधी होता तिथेच परत जातो. मोटरचा क्लॅम्प उघडा अडकला तर बाटली भरधाव रिकामी होते. त्या बाटलीत पोटॅशियम क्लोराईड असेल तर हृदय थांबू शकतं. हे डॉक्टर भागीदारांनीच स्वतःच्या अक्षरात तक्त्यात लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

मोटर ठेवली तर उपकरण इन्फ्युजन पंपाच्या घरात जातं. भारतातल्या वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये धोक्यानुसार ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. पंप सी वर्गात येतात आणि सी, डी वर्गांच्या उत्पादनाचा परवाना केंद्राकडून घ्यावा लागतो. ए आणि बी वर्गांसाठी राज्याचं अन्न व औषध प्रशासन परवाना देतं. शिवाय पंपांसाठी आयईसी ६०६०१-२-२४ हे स्वतंत्र मानक लागू होतं. पाच महिन्यांचे पगार हातात असताना ती चढण जमणारी नव्हती. नुसती मोजणी ठेवल्यावर उपकरण बी वर्गात बसलं.

मोटर काढली. माझ्या मते हा निर्णय पैसे असते तरी हाच घ्यायला हवा होता, फक्त तो दोन वर्षं आधी घेता आला असता. धोक्यांचा तक्ता मांडायला प्रयोगशाळा लागत नाही. तो २०१९मध्येही मांडता आला असता.

दुसरा निर्णय: निरोप कुठे जाणार

वायफायच्या वाटेत तीन अडथळे आले. रुग्णालयाच्या आयटीवाल्यांना बाहेरची उपकरणं आपल्या नेटवर्कवर नको होती, आणि त्यांचं बरोबर होतं. राउटरचा पासवर्ड बदलला की सगळे चिमटे मुके होत. आणि एक्स-रे खोलीच्या शिसं लावलेल्या भिंतीपलीकडच्या चार खाटांपर्यंत सिग्नल पोचतच नव्हता. फोनच्या ॲपचा त्रास वेगळा: बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲपं झोपवतात. सूचना येते, पण कधीकधी बाटली बदलून झाल्यावर.

इथे कंपनीने वॉर्डात रात्री बसायचं ठरवलं. तोपर्यंतच्या सगळ्या भेटी सकाळी अकराच्या सुमाराला, राउंड संपल्यावर झालेल्या. रात्रीच्या वॉर्डात काय दिसलं? सिस्टर काउंटरजवळ बसून चार्ट भरतात, तिथून उठून खाटेपाशी जातात, परत तिथेच येतात. वॉर्डाचा मध्य म्हणजे तो काउंटर. म्हणून निरोपही तिथेच यायला हवा.

चिमट्यात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या परवानामुक्त पट्ट्यातला कमी ताकदीचा रेडिओ बसवला. ज्या मॉड्यूलला दूरसंचार विभागाची मान्यता आधीच होती तेच घेतलं, म्हणजे तो कागद नव्याने करायला नको. काउंटरवर एक पेटी ठेवली. खाटेचा क्रमांक मोठ्या आकड्यात, पिवळा दिवा म्हणजे बाटली संपत आली, लाल म्हणजे थेंब थांबले. क्लाउड फक्त दिवसाची नोंद साठवण्यापुरता उरला आणि इंटरनेट गेलं तरी वॉर्डातलं काहीच थांबणार नाही अशी रचना झाली.

दोन नियम तेव्हा ठरले आणि आजवर पाळले गेले. एक, चिमट्याचा स्वतःचा बारीक आवाज आणि दिवा रेडिओवर अवलंबून नसणार. दोन, चिमट्याचा पेटीशी संपर्क तुटला तर पेटीने तेही दाखवायचं. गप्प पेटी पाहून सगळं ठीक आहे असं कुणी समजू नये. अलार्मच्या आयईसी ६०६०१-१-८ मानकातही हीच अपेक्षा आहे, पण कंपनीला ती मानकातून नव्हे, एक्स-रे खोलीपलीकडच्या त्या चार खाटांवरून समजली.

पेटीत रुग्णाचं नाव ठेवायचं का, यावर वाद झाला. गुंतवणूकदाराला नाव, निदान, औषध असं सगळं हवं होतं. शेवटी फक्त खाट क्रमांक ठेवला. सिस्टरांना धावायला तेवढा पुरतो, आणि जी माहिती आपल्याकडे नाही ती गळण्याची भीतीही नाही. २०२३मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा या निर्णयामुळे त्यांना फारसं काही बदलावं लागलं नाही.

खोट्या इशाऱ्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. रुग्ण बाथरूमला जातो तेव्हा नातेवाईक बाटली हातात उंच धरून मागे चालतो आणि थेंब वाटेल तसे पडतात. त्यासाठी चिमट्यावर एक मोठं बटण आलं: दाबलं की दहा मिनिटं गप्प, नंतर आपोआप पुन्हा चालू. कायमचं बंद करायचं बटण मुद्दाम दिलं नाही. पॅरासिटामॉलची १०० मिलीची बाटली पंधरा मिनिटांत जाते, म्हणजे मिनिटाला १३३ थेंब. त्या वेगात जुनं सॉफ्टवेअर थेंब चुकवायचं आणि विनाकारण वाजायचं.

पश्चिमेच्या खिडकीजवळच्या दोन खाटांचं कोडं मात्र महिनाभर सुटलं नाही. दुपारी साडेतीननंतर तिथले चिमटे बरळायचे, संध्याकाळी सुधारायचे. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली सगळं ठीक. शेवटी फर्मवेअर लिहिणारी मुलगी एका दुपारी त्या खाटेपाशी लॅपटॉप घेऊन बसली, तेव्हा कळलं की तिरपं ऊन थेट सेन्सरवर येतं आणि उन्हातल्या इन्फ्रारेडने सेन्सर भरून जातो. एलईडी सतत पेटता ठेवण्याऐवजी वेगाने चालू-बंद करून दोन्ही वेळच्या मोजमापातला फरक घेतला, आतली भिंत काळी केली आणि वर छोटी झडप दिली. तेव्हा कुठे त्या खाटा शांत झाल्या.

तिसरा निर्णय: 'ॲक्सेसरी' म्हणून बिल

चौथी वाट ती ही. ए आणि बी वर्गांच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून परवाना सक्तीचा होणार होता. त्याआधी ऑगस्टमध्ये एका वितरकाने दोनशे नगांची मागणी आणली. निम्मी रक्कम आगाऊ. अट एकच: बिलावर 'सलाईन स्टँड ॲक्सेसरी' लिहायचं, वैद्यकीय उपकरण हा शब्द कुठेच नको.

तेव्हा पगार अर्धे झाले होते. बैठकीत एका इंजिनिअरने विचारलं, "सर, पगार थकवून नियम पाळायचे, हे मी घरी कसं सांगू?" त्या प्रश्नाला कुणाकडे चांगलं उत्तर नव्हतं.

माझं मत मी तिथे ठामपणे मांडलं. उपकरण कशासाठी आहे यावर त्याची ओळख ठरते, बिलावरच्या शब्दावर नाही. रुग्णाच्या सलाईनवर लक्ष ठेवणारी वस्तू वैद्यकीय उपकरणच आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विद्युत सुरक्षेच्या आणि ईएमसीच्या (आसपासच्या विद्युत लहरी आणि झटक्यांनी उपकरण न बिघडणं, आणि त्याने इतरांना न बिघडवणं) चाचण्या अजून झालेल्या नव्हत्या. दोनशे चिमटे कुठल्या वॉर्डांत गेले हे वितरकाला माहीत, कंपनीला नाही; उद्या दोष निघाला तर परत कुठून बोलावणार? भागीदारांनी एक रात्र घेतली आणि मागणी नाकारली. पुढच्या दोन महिन्यांत दोन इंजिनिअर सोडून गेले, त्यात तो प्रश्न विचारणाराही होता. त्याला दोष देता येत नाही.

कंपनी तगली ती चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यामुळे. त्यांना असेंब्ली लाइनवर तपासणीची जिग (भाग पक्का धरून तपासणारी चौकट) हवी होती; इंजिनिअर भागीदाराचं ते जुनं क्षेत्र. आठवड्यातले तीन दिवस जिगचं काम, उरलेले चिमट्याचं. कर्वेनगरचा तळमजला सोडून भोसरीत एका टूलरूमवाल्याच्या गाळ्याचा अर्धा भाग घेतला. काम लांबलं, पण थांबलं नाही.

चौथा निर्णय: प्रयोगशाळा आणि प्लास्टिक

वाहन उद्योगामुळे पुण्यात ईएमसी जाणणारी माणसं मिळतात, ही या शहराची मोठी सोय. तरीही पहिल्या चाचणीत उपकरण नापास झालं. आयईसी ६०६०१-१-२ मानकात स्थिर विजेचा झटका हवेतून १५ किलोव्होल्टपर्यंत देतात. झटका बसला की चिमटा रीसेट व्हायचा आणि उठल्यावर आपण नव्या बाटलीवर आहोत असं समजायचा. लाल इशारा चालू असताना झटका बसला तर तो इशाराच पुसला जायचा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत सिंथेटिक ब्लँकेट झटकताना चट्‌ असा झटका बसतो, तेव्हा हे वॉर्डातही घडू शकतं. उपाय दोन झाले: पीसीबीवर संरक्षणाचे भाग, आणि चालू स्थिती कायमस्वरूपी मेमरीत लिहून ठेवणं, म्हणजे जागं झाल्यावर चिमटा आधी तीच वाचतो.

बॅटरीसाठी लिथियमचा मोह टाळला. तिच्यासाठी आयईसी ६२१३३ची सुरक्षा चाचणी, वाहतुकीसाठी यूएन ३८.३ची चाचणी, चार्जर, असं लटांबर मागे येतं. दोन पेन्सिल सेल कुठल्याही दुकानात मिळतात. फक्त ते वॉर्डातून गायब होऊन भिंतीवरच्या घड्याळांत जाऊ लागले, म्हणून झाकणाला स्क्रू आला.

परवान्याचे कागद जवळजवळ तयार होते, त्याच आठवड्यात दुसऱ्या चाचणी वॉर्डातून तीन चिमटे बिजागरीपाशी तडकून परत आले. मावशी रोज सकाळी स्टँडबरोबर चिमटाही जंतुनाशकाने पुसत, आणि तसंच करायला हवं. पण चिमटा ज्याचा होता ते एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांचं मिश्रण ताणाखाली असताना क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक लागत राहिलं की त्याला बारीक तडे जातात. चिमट्याची बिजागरी म्हणजे सतत ताणाखाली असलेली जागा.

प्रश्न असा पडला: आहे त्या प्लास्टिकवर अर्ज टाकून पुढे बदल करायचा, की थांबायचं? पैशाकडे बघितलं तर अर्ज टाकणं भाग होतं. पण नियमांच्या सहाव्या परिशिष्टाप्रमाणे उपकरण ज्या पदार्थापासून बनतं तो बदलणं हा मोठा बदल धरला जातो आणि त्याला आधी मंजुरी लागते. म्हणजे परवाना हातात, माल तडकणारा आणि बदलाची मंजुरी वाटेत, अशी कोंडी. कंपनी थांबली. चिमट्याचा हात पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकच्या मिश्रणात करायचं ठरलं. पीबीटी गार होताना बरंच जास्त आकसतं, म्हणून साचाही बदलावा लागला. टूलरूमवाल्या काकांनी सुरुवातीला "पोलादात आत्ताच जाऊ नका, ॲल्युमिनियममध्ये करून बघू" असं सांगितलं होतं, ते इथे कामी आलं. ॲल्युमिनियमचा साचा त्यांनी गाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागातच दुरुस्त केला आणि निम्मे पैसे नंतर घेतले.

बी वर्गात परवान्याआधी अधिसूचित संस्थेचं (सरकारकडे नोंदलेल्या बाहेरच्या तपासणी संस्थेचं) ऑडिट होतं. आयएसओ १३४८५ या गुणवत्तेच्या मानकाच्या धर्तीवर लिहिलेल्या पद्धती दाखवता आल्या, पण पहिल्या तीन वर्षांचा डिझाइनचा इतिहास व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून तारखा शोधून नव्याने उभा करावा लागला. ते काम मी आणि ती फर्मवेअरवाली मुलगी अनेक रविवार करत होतो.

निष्पत्ती

२०२३च्या अखेरीस परवाना आला. विक्री चारच रुग्णालयांपासून सुरू केली, सगळी पुण्यापासून दोन तासांच्या आत, म्हणजे बिघाड झाला तर त्याच दिवशी पोचता येईल. सुट्या खाटा विकल्या नाहीत. घेतला तर पूर्ण वॉर्ड. अर्ध्या वॉर्डात उपकरण असलं की सिस्टरांना दोन पद्धतींनी काम करावं लागतं आणि चिमटे पुन्हा खणात जातात.

विकत घेण्याऐवजी महिन्याच्या भाड्याचा पर्याय दिला आणि तोच जास्त चालला, कारण यंत्रखरेदीची मंजुरी विश्वस्तांकडे जाते, भाड्याला प्रशासकाची सही पुरते. वसुली मात्र हळू आहे. लघुउद्योगांचं देणं ४५ दिवसांत द्यावं यासाठी आयकर कायद्यात २०२४पासून कलम ४३बी(एच) लागू झालं. पण त्याचा दट्ट्या, उशीर झाला तर करातली वजावट गमावण्याची भीती असलेल्या धंद्यांवर बसतो. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांवर फारसा नाही, आणि कंपनीचे बरेच ग्राहक ट्रस्टच आहेत. चाकणचं जिगचं काम म्हणूनच अजून चालू आहे.

चारांपैकी एका रुग्णालयाने सहा महिन्यांनी उपकरणं परत केली. तिथे इन्चार्ज सिस्टर बदलल्या आणि नव्या सिस्टरांना कुणी शिकवलंच नव्हतं. बाकी तिन्हीकडे वापर टिकला आहे. एका वॉर्डात सिस्टरांनी आपणहून वही ठेवली आहे: इशारा कधी आला, खाटेपाशी काय दिसलं. खोट्या इशाऱ्यांपुढे त्या फुली मारतात. कंपनीला मिळालेलं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे ती वही. पुढचं सॉफ्टवेअर तिच्यातल्या फुल्या बघूनच लिहिलं गेलं.

डॉक्टर भागीदार २०२४मध्ये बाहेर पडल्या. भांडण नव्हतं, मोटरशिवायचं उपकरण त्यांना शेवटपर्यंत अपुरं वाटलं आणि दवाखाना सांभाळून दोन्ही होईना.

वेगळं काय करता आलं असतं

रात्रीच्या वॉर्डात पहिल्याच वर्षी बसायला हवं होतं. त्याला एक पैसा लागला नसता आणि ॲपवर गेलेलं जवळजवळ वर्ष वाचलं असतं. गुंतवणूकदारांना ॲप दाखवायचंच होतं तर ते दाखवण्यापुरतं वेगळं ठेवून उपकरणाची रचना त्याच्याभोवती न करणंही शक्य होतं.

जंतुनाशकाची चाचणी ही सगळ्यात स्वस्त चाचणी. वॉर्डात वापरतात तीच बाटली आणायची, चिमटा ताणून बसवायचा, रोज पुसायचा आणि बघायचं. ही पहिल्या साच्याआधी झाली असती तर परवाना बरेच महिने आधी आला असता. मी आता प्रत्येक नव्या कंपनीला हेच आधी करायला सांगतो.

चिपांबाबत, एकाच मायक्रोकंट्रोलरवर सगळं अवलंबून ठेवणं धोक्याचं होतं. तुटवड्यानंतर त्यांनी फर्मवेअरचा हार्डवेअरशी बोलणारा थर वेगळा काढला आणि दुसरी चिपही तपासून ठेवली. हे सुरुवातीला केलं तर थोडंच जास्त काम असतं. नंतर केलं की आयईसी ६२३०४ प्रमाणे सॉफ्टवेअरच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.

वितरकाची मागणी नाकारण्याबद्दल मात्र माझं मत अजून बदललेलं नाही. त्या नगांमध्ये झटक्याने इशारा पुसला जाण्याचा दोषही होता आणि तडकणारी बिजागरीही. बदलायला हवं होतं ते इतकंच, की पगार अर्धे होण्याआधी जिगचं काम शोधायला हवं होतं. तो ग्राहक वर्षभर आधीही चाकणमध्येच होता.

शिकवण्याची जबाबदारी कंपनीने आता भाड्यात धरली आहे. दर तीन महिन्यांनी एक माणूस वॉर्डात जातो, नव्या सिस्टर आणि मावशींना चिमटा लावून दाखवतो, सेल बदलतो, वहीचे फोटो घेतो. हा खर्च सुरुवातीच्या किमतीत कुठेच नव्हता.

सध्या टेबलावर दोन प्रश्न आहेत. जुन्नर भागातल्या एका छोट्या रुग्णालयाला काउंटरऐवजी डॉक्टरांच्या घरी, वरच्या मजल्यावर, दुसरी पेटी हवी आहे. ते रेडिओने जमेल, पण दोन पेट्यांपैकी इशारा कुठे बंद केला की तो बंद झाला असं मानायचं, ते ठरलेलं नाही. आणि मोटरच्या क्लॅम्पची मागणी पुन्हा आली आहे, या वेळी एका आयसीयूकडून, पैसे घेऊन. इंजिनिअर भागीदाराचं म्हणणं असं की सी वर्गाच्या सगळ्या चाचण्यांचा खर्च हातात आल्याशिवाय जुना आराखडा उघडायचा नाही. धोक्यांचा तक्ता नव्याने मांडायची बैठक दिवाळीनंतर ठेवली आहे आणि डॉक्टर भागीदारांनाही तिला बोलावलं आहे.